नाटकाच्या तालमीला जागा द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दोन वस्त्यांतल्या पोरांच्या हाणामारीची बातमी आपल्या अंकात वाचली. पकडलेले बहुतेक पंधरा-सोळा वर्षांचे. शेवटचं वाक्य नेहमीचंच : 'मुलांचे समुपदेशन करण्यात येईल.' चौतीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यावरून सांगते, अशा मुलाला खुर्चीत बसवून 'मन मोकळं कर' म्हटलं की तो पंख्याकडे बघत बसतो.

आपल्या ठाण्यातच याहून वेगळी वाट काढली गेली आहे. नाटककार रत्नाकर मतकरींनी समता विचार प्रसारक संस्थेच्या कार्यकर्त्यांबरोबर २०१४ साली 'वंचितांचा रंगमंच' सुरू केला. कित्येक वर्षं मुलांसाठी नाटकं लिहिणाऱ्या, बसवणाऱ्या या माणसाने इथे मात्र आपली संहिता मुलांच्या हाती दिली नाही. विषय वस्तीतल्या मुलांनीच शोधायचा, नाटक त्यांनीच रचायचं आणि करायचं. जाणत्या रंगकर्मींनी लागेल तिथे मदत करायची. मतकरी मे २०२० मध्ये गेले. काम त्यानंतरही चालू राहिलं.

ते पाहून आमच्या भागात आम्ही तिघीचौघींनी हट्टाने एक नाटुकलं उभं केलं. पहिले पंधरा दिवस नुसती भांडणं. नाल्याच्या अलीकडची पोरं पलीकडच्यांशी बोलत नसत. संवादसुद्धा एकमेकांऐवजी माझ्याकडे बघून म्हणायची! नववीतून शाळा सुटलेला एक मुलगा दारुड्या बापाचं काम करत होता. (ते त्याला शिकवावं लागलं नाही.) प्रयोगात त्याच्या मुलीचं काम करणारी पलीकडची पोरगी ऐन वेळी अडली. हा झोकांड्या खात तिच्यापाशी गेला आणि खेकसला, "फीचे पैसे मागायला आलीस ना? मग माग की!" तिला वाक्य सापडलं. समोर बसलेल्यांना पत्ताही लागला नाही. नाटकवाले याला 'सांभाळून घेणं' म्हणतात. वस्तीत या शब्दाचा अर्थ आजवर कुणाच्या तरी हातावर काहीतरी टेकवणं, एवढाच होता.

'मग सुधारला का तो?' असं लोक विचारतात. गॅरेजात लागला, दोनदा सोडून आला, सध्या टिकलाय. दुसरा एक मात्र महिन्याभरात गळाला आणि जुन्या टोळक्यात परत गेला. नाटकात जादू नाही. पण अलीकडची-पलीकडची पोरं आता निदान नावानिशी भांडतात.

याउलट भिंती रंगवण्याचे कार्यक्रम बघा. चित्र आधीच कुणीतरी आखून ठेवतं, मुलांनी रेषेच्या आत रंग भरायचा, पाहुण्यांबरोबर फोटो, वडापाव, संपलं. यात कुणी कुणावर कशाला विसंबेल?

आमची खरी अडचण पैशांची नव्हती, जागेची होती. पाऊस आला की तालीम बंद. शेजारच्या हॉलचं लग्नसराईतलं भाडं विचारायचीही सोय नाही. पालिकेच्या शाळांचे वर्ग मात्र संध्याकाळी कुलूपबंद असतात. आठवड्यातून तीन दिवस, साडेसहा ते नऊ, एक वर्ग उघडून द्यावा, एवढंच मागणं आहे. अर्ज दोनदा केला. दोन्ही वेळा उत्तर आलं, किल्ली कुणाच्या ताब्यात द्यायची ते ठरलेलं नाही. माझ्याकडे द्या. मी शाळेपासून पाच मिनिटांवर राहते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, ठाणे