४८ तास थांबा म्हणे!

मा. संपादक साहेब,

सांगलीत गेली दहा-बारा वर्षं छोट्या धंदेवाल्यांच्या वेबसाईट सांभाळायचं काम करतोय, त्यातलीच एक तक्रार आहे, थोडी तांत्रिक वाटेल पण छापा, कारण आता प्रत्येक पेढीची साईट झालीय आणि साईट एका सर्व्हरवरनं दुसऱ्यावर हलवायच्या या एकाच गोष्टीत सगळे गंडतायत.

मागच्या महिन्यात मार्केट यार्डातल्या एका बेदाणा व्यापाऱ्याचा सकाळी सकाळी फोन आला, "अहो साईट माझ्या मोबाईलवर दिसतीय, पेढीवरच्या कॉम्प्युटरवर दिसंना, तासगावच्या पार्टीला पण दिसंना, बघा की जरा." झालं काय तर होस्टिंगवाल्यांनी (साईट ठेवायला सर्व्हरवर जागा देणाऱ्यांनी) गुरुवारी रात्री साईट नव्या सर्व्हरवर हलवली, डोमेनला म्हणजे साईटच्या नावाला नवा आयपी, म्हणजे सर्व्हरचा आकड्यातला पत्ता, लावला आणि सकाळी उठून जुना सर्व्हर बंद करून मोकळे. फोन केला तर ठरलेलं उत्तर, सर ४८ तास थांबा, इंटरनेटवर पसरायला वेळ लागतो.

पसरायला ते काय कोयनेतनं सोडलेलं पाणी आहे, आयर्विन पुलापर्यंत पोचायला वेळ लागायला? पसरत बिसरत काही नाही. एकदा कुणी तुमची साईट उघडली की ब्रॉडबँडवाल्याचा डीएनएस सर्व्हर, म्हणजे नावावरनं आयपी शोधून देणारा, तुमचा आयपी स्वतःकडं लिहून ठेवतो आणि पुढच्यांना तोच सांगतो, किती वेळ ठेवायचा तो आकडा म्हणजे टीटीएल, सेकंदात असतो, आणि तो आपल्याच डोमेनच्या सेटिंगमध्ये आपणच भरलेला असतो! शेठचा होता ८६४००, म्हणजे पूर्ण एक दिवस. पेढीच्या कनेक्शनकडं जुना आयपी लिहिलेला होता म्हणून तिकडनं बंद दारावर धडका, मोबाईल कंपनीनं ताजा विचारला म्हणून तिकडं चालू. बिचाऱ्यांनी राउटर चार वेळा बंद-चालू केला.

हलवायच्या दोन दिवस आधी तो आकडा ३०० करून ठेवायचा, मग पाच मिनिटांत काम होतंय. आधी म्हणजे खरंच आधी हां, मी स्वतः सुरुवातीला एकदा हलवायच्या अर्धा तास आधी कमी केला होता, काय उपयोग, लोकांनी ८६४०० वालं उत्तर आधीच घेऊन ठेवलेलं. डीएनएस १९८३ सालचं आहे आणि टीटीएल तेव्हापासनं आहे, म्हणजे ही काय काल आलेली भानगड नाही. ४८ तासांची गोष्ट नेमसर्व्हर (जिथं डोमेनची ही सगळी नोंद असते तो सर्व्हर) बदलला तर थोडी खरी आहे, डॉट कॉमला वरच्या पातळीवर १७२८०० सेकंदांचा टीटीएल असतो, पण इथं नेमसर्व्हरला कुणी हातच लावला नव्हता, नुसता ए रेकॉर्ड, म्हणजे नावापुढची आयपीची नोंद, बदललेला.

मेलची वेगळीच गंमत. मेल त्याच जुन्या मशीनवर होते, पाठवणाऱ्यांचे सर्व्हर परत परत प्रयत्न करतात म्हणून आलेले हरवले नाहीत, उशिरा मिळाले. पण शेठनी नव्या सर्व्हरवरनं पाठवलेले भाव पार्ट्यांच्या स्पॅममध्ये जाऊन बसले, कारण एसपीएफ रेकॉर्डमध्ये, म्हणजे आमचे मेल कुठल्या आयपीवरनं येतील ते सांगणाऱ्या नोंदीत, जुनाच आयपी राहिलेला.

२०१९ च्या पुरानंतर ज्यांनी दुकान हलवलं त्यांनी जुन्या शटरवर पाटी तरी लावली होती. इथं निदान आठवडाभर जुना सर्व्हर चालू ठेवायला काय जातं? माझं होस्टिंगवाल्यांना एवढंच म्हणणं आहे की हलवायच्या आधी गिऱ्हाईकाला मेसेज टाका आणि टीटीएल कमी करा, आणि व्यापाऱ्यांनी पण पैसे देताना हे दोन प्रश्न विचारून घ्या.

शेठच्या साईटची कॉपी त्या लोकांनी सोमवारी काढली होती आणि पत्ता फिरवला गुरुवारी रात्री. मधल्या दिवसांत फॉर्ममधनं आलेल्या चौकश्या जुन्याच सर्व्हरवर राहिल्या, मी मागायला गेलो तर म्हणाले, सर तो डिलीट केला.

आपला एक वाचक,
विश्रामबाग, सांगली