फुकेतचा आठवडा पडद्यावर का दिसत नाही?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मॉलमधल्या टेबलावर थायलंडमधल्या फुकेत बेटावरच्या तरणतलावाचा फोटो पुढे सरकवून टाइमशेअर, म्हणजे रिसॉर्टमधल्या घरात दरवर्षी एक आठवडा राहण्याचा हक्क, विकला जातो आणि दोन-तीन वर्षांनी तोच सभासद ‘अदलाबदल वगैरे सगळे थोतांड’ म्हणत ग्राहक आयोगाचा पत्ता विचारू लागतो. अदलाबदल, म्हणजे आपला आठवडा देऊन दुसऱ्या ठिकाणचा घेणे, थोतांड नाही. ती कशी चालते हे विकताना कोणी सांगत नाही, दुखणे तिथेच आहे. दिवाळीनंतर मे महिन्याच्या सहलींची चौकशी घरोघरी सुरू होते, तेव्हा तपशील एकदा नीट छापले जावेत म्हणून हे पत्र.

अशी अदलाबदल करून देणाऱ्या दोन कंपन्या, आरसीआय १९७४ मध्ये आणि इंटरव्हल इंटरनॅशनल १९७६ मध्ये, अमेरिकेत सुरू झाल्या. त्यांचे काम आठवड्यांच्या पेढीचे. तुम्ही आपला लोणावळ्याचा किंवा महाबळेश्वरचा आठवडा तिथे जमा करायचा आणि दुसऱ्या कोणी जमा केलेला फुकेतचा आठवडा उचलायचा. तिकडच्या मालकाने जमाच केला नाही, तर तुम्हाला द्यायला कोणाकडेच काही नसते.

म्हणून पहिली तपासणी एवढीच: हवे असलेले रिसॉर्ट आपल्या पेढीत आहे का? फुकेत विमानतळाजवळच्या माइ खाओ किनाऱ्यावरची मॅरियट व्हेकेशन क्लबची घरे इंटरव्हलमार्फत मिळतात. भारतातल्या मोठ्या कंपन्यांचे सभासद बहुतेक करून आरसीआयशी जोडलेले असतात. अशा सभासदाने दहा वर्षे वाट पाहिली तरी माइ खाओचे ते घर त्याच्या यादीत उगवणार नाही. पैसे भरण्याआधी विक्रेत्याकडून रिसॉर्टचे नाव आणि पेढीचे नाव दोन्ही लिहून घ्यावे.

दुसरा प्रश्न मूल्याचा. जमा केलेल्या प्रत्येक आठवड्याला पेढी एक वजन देते. हंगाम, घराचा आकार, रिसॉर्टचा दर्जा, त्या जागेची मागणी आणि तुम्ही किती आधी जमा केले, यावरून ते ठरते. आरसीआयच्या आठवड्यांच्या पद्धतीत २०१० पासून हे मूल्य आकड्यात दिसते. ते बघूनच जमा करावे, कारण एकदा जमा केलेला आठवडा परत घरच्या रिसॉर्टसाठी वापरता येत नाही. महाबळेश्वरचा जुलैतला एका खोलीचा आठवडा देऊन नाताळात फुकेतचे दोन शयनगृहांचे घर मागणे म्हणजे बाजरी घालून बासमती मागणे. आठवडा सुरू होण्याच्या नऊ महिने किंवा त्याहून आधी जमा केला तर पूर्ण वजन मिळते, पुढे ते घसरत जाते. शेवटच्या महिन्यात घाईने जमा करणारे इथेच मार खातात. दोन हलके आठवडे शुल्क भरून एकत्र करण्याची सोय आहे, तिची चौकशी जरूर करावी. आणि वार्षिक देखभाल शुल्क थकलेले असेल तर जमा करण्याची विनंतीच पुढे सरकत नाही.

आता मुख्य गोष्ट. बहुतेक जण संगणकावर फुकेत टाकतात, यादी रिकामी दिसते आणि विषय संपतो. पण मागणीच्या बेटांवरचे आठवडे त्या यादीपर्यंत सहसा पोचतच नाहीत. एखाद्याने जानेवारीचा आठवडा जमा केला की आधीपासून रांगेत असलेल्या मागण्यांशी तो ताडून पाहिला जातो आणि तिथेच उचलला जातो. पडद्यावर येतो तो या चाळणीतून उरलेला माल. तेव्हा शोध घेऊन थांबू नका, ‘कायम शोध’ नोंदवा. इंग्रजीत त्याला ऑनगोइंग सर्च म्हणतात. शुल्क आगाऊ भरून तो वर्ष-दीड वर्ष आधी लावलात तर रांगेत पुढे असता. एकाच रिसॉर्टचा हट्ट न धरता चार-पाच नावे आणि लागोपाठचे तीन-चार आठवडे द्यावेत. शोध जुळला की आरक्षण आपोआप होते, म्हणून मुलांच्या परीक्षेतल्या तारखा त्यात चुकूनही टाकू नका. पुष्टी झाल्यानंतर साधारण एक दिवस मोफत रद्द करता येते, त्यानंतर शुल्क बुडते. विमानाची तिकिटे पुष्टिपत्र हाती आल्यावरच काढावीत, कारण घराचा ताबा ठरावीक वारीच मिळतो, बहुधा शुक्रवार, शनिवार किंवा रविवारी.

हंगामाचे गणित महाराष्ट्रातल्या पालकांसाठी अवघड आहे. फुकेतला कोरडा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. आपली मेची सुटी ऐन रंगात असताना तिकडे नैऋत्य मोसमी वारे पोचतात. पश्चिमेकडच्या किनाऱ्यांवर लाल निशाणे लागतात आणि पाण्याखालची ओढ पट्टीच्या पोहणाऱ्यालाही आत नेते. फुकेतहून सहलीला जायची सिमिलन बेटे मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असतात, माया बे हा किनारा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. मेनंतरचे आठवडे सहज मिळतात ते यामुळेच. मात्र त्या दिवसांत तिथली हॉटेलेही स्वस्त असतात. वार्षिक शुल्काचा वाटा आणि अदलाबदलीचे शुल्क यांची बेरीज करून बघा. पुष्कळदा हॉटेलच परवडते. अशा वेळी आठवडा खर्चू नये, तो नाताळ-जानेवारीसाठी राखावा. आरसीआयच्या ‘लास्ट कॉल’मध्ये ४५ दिवसांच्या आतली घरे रोख पैशांत मिळतात, त्यात आठवडा हातातून जात नाही.

घराच्या नोंदीत ‘६/४’ असे काही लिहिलेले असते. त्याचा अर्थ एकूण सहा माणसे राहू शकतात, पैकी चौघांना झोपायला आडोसा आहे, उरलेले दोघे दिवाणखान्यातल्या सोफ्यावर. आजी-आजोबांना घेऊन निघालेल्या कुटुंबाने दुसरा आकडा पाहावा. तान्हे मूलही माणसांत मोजले जाते. एक जास्त निघाले तर स्वागतकक्ष प्रवेश नाकारू शकतो.

स्वयंपाकघराचेही तसेच. ‘पूर्ण’ म्हणजे शेगडी, फ्रिज, भांडी. ‘छोटे’ म्हणजे बहुधा मायक्रोवेव्ह आणि कमरेएवढा फ्रिज, त्यावर वरण-भाताचा बेत जमत नाही. पूर्ण स्वयंपाकघरातही शेगडी इंडक्शनची असेल तर घरून नेलेला ॲल्युमिनियमचा कुकर तापणारच नाही. स्टीलचा, आणि बुडाला लोहचुंबक चिकटतो असाच न्यावा. फोडणी देण्याआधी चिमणी लावून बाल्कनीचे दार उघडावे. मोहरी तडतडून तेलाचा धूर छताला गेला की धूरसूचक यंत्र ओरडते आणि मजल्यावरचे सुरक्षारक्षक दारात उभे राहतात.

पुष्टिपत्रावरचे नाव पासपोर्टशी अक्षरशः जुळले पाहिजे. मुलगी-जावयाला पाठवायचे असेल तर अतिथी-प्रमाणपत्र वेगळे शुल्क भरून घ्यावे लागते. मिळालेला आठवडा पैसे घेऊन परस्पर विकण्यास बंदी आहे. उघडकीस आले तर आरक्षण रद्द होते आणि सभासदत्वही धोक्यात येते. काही रिसॉर्ट वीज, सुविधा किंवा सक्तीच्या जेवणाचे पैसे जागेवर घेतात. ते रिसॉर्टच्या पानावरच्या तातडीच्या सूचनांत लिहिलेले असते. तलाव दुरुस्तीसाठी बंद असेल तर तेही तिथेच सापडते. पुष्टी करण्याआधी ते पान शेवटपर्यंत वाचावे.

शेवटी कायद्याविषयी. युरोपीय संघाच्या २००८ च्या निर्देशानुसार टाइमशेअरचा आणि अदलाबदलीचा करारही १४ दिवसांत कारण न देता मोडता येतो. फ्लोरिडात ही मुदत १० दिवसांची आहे. भारतात टाइमशेअरसाठी वेगळा कायदा नाही, त्यामुळे असा करार मोडायला करारात जे कलम असेल तेवढाच आधार. निदान पेढीचे नाव, आठवड्याचे अपेक्षित मूल्य, अदलाबदलीचे शुल्क आणि ‘उपलब्धतेची हमी नाही’ हे वाक्य कराराच्या पहिल्याच पानावर मराठीत आणि ठळक छापण्याची सक्ती राज्य सरकारने करावी, अशी आमची कळकळीची मागणी आहे. आज हे वाक्य बारीक टायपात कुठेतरी आत दडलेले असते, आणि सही झालेली असते ती फोटो बघून.

ज्यांना तोंडी आश्वासनावर सभासदत्व विकले गेले आहे, त्यांनी प्रत्येक नकार ई-मेलने मागून ठेवावा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत आयोगाकडे जावे लागते. ‘पुढच्या मोसमात नक्की देतो’ या शब्दावर थांबलेल्या अनेकांची ही दोन वर्षे तशीच निघून जातात.

आपले,
टाइमशेअर सभासद दांपत्य, कोथरूड, पुणे