लाल किनारीचा दोष लोकरीवर नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

यात्रेत मिळणाऱ्या घोंगड्यांचा लाल रंग ‘केमिकल’ असतो, ती घेऊ नयेत, पूर्वीसारखे मंजिष्ठ-लाखेचे रंग वापरावेत, असं एका वाचकानं आपल्याकडे नुकतंच लिहिलं होतं. त्यांनी कधी लोकर रंगवली असेल असं वाटत नाही. रायबाग तालुक्यात आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या घोंगडी विणतात. कताई बायकांची, माग पुरुषांचा, आणि रंगाचं पातेलं सासूबाईंनंतर माझ्याकडे आलं.

मुळात घोंगड्यात लाल असतो किती? आमची मेंढरं दख्खनी, लोकर बहुतेक काळी. काळ्यावर लाल चढत नाही. पांढरं जावळ थोडंफार निघतं, त्याचीच किनार होते. तेवढ्यासाठी लाख आणायची, लोकर तुरटीत मुरवायची, तर त्याचे पैसे कोण देणार? (सगळ्यात जास्त घासाघीस करणारं गिऱ्हाईकच नैसर्गिक रंग मागतं, हेही सांगते.)

कारखान्यातला लाल लोकरीवर कच्चाच राहतो, हेही खरं नाही. लोकरीसाठी ‘ॲसिड रंग’ म्हणून वेगळा प्रकार मिळतो. नावाला घाबरू नये, त्याला व्हिनेगरचा आंबटपणा पुरतो. आधी रिठ्याच्या पाण्यात धुऊन लोकरीचं मेण काढायचं. मग कोमट रंगात सोडून आच हळूहळू वाढवायची, उकळीच्या जरा खाली पाऊण-एक तास ठेवायची आणि त्याच पाण्यात निवू द्यायची. घाई करून गार पाण्यात टाकली, की लोकर आटते, गठ्ठा होते. रंग नीट बसला तर शेवटी पातेल्यातलं पाणी जवळजवळ निवळतं, म्हणजे ओढ्यातही फारसा जात नाही. अशी किनार पावसात भिजली तरी धोतराला डाग लागत नाही.

डाग लागतो तो सुट्या पुडीमुळे. दुकानदार म्हणतो, ‘लाल आहे, कशालाही चालतो.’ पुडीवर ना नाव, ना कशासाठी ते. सुताचे काही रंग सोडा घालून पक्के करतात; गरम सोड्यात लोकर चरचरीत होऊन तुटते. काही मिठावर चढतात. त्यातलाच काँगो रेड, १८८४ साली जर्मनीत निघालेला. सुताला चटकन धरतो, पण आंबट लागलं की निळा पडतो. आणि तो भडक गुलाबी, रोडामाइन! लोकरीवर डोळे दिपतील असा दिसतो, उन्हात विटतो. कर्नाटक सरकारनं मार्च २०२४ मध्ये गोबी मंचुरियन आणि कॉटन कँडीतल्या कृत्रिम रंगांवर बंदी आणली, तेव्हा तपासणीत सापडलेल्या रंगांत हाही होता. हे सारं मला माझ्या मुलीनं समजावलं. ती बेळगावात रसायनशास्त्र शिकली आहे.

पत्रलेखकांची भीती अगदीच खोटी आहे असं मी म्हणत नाही. केंद्र सरकारनं १९९७ सालापर्यंत एकूण ११२ रंगांवर बंदी घातली. ते फुटून त्यातून कर्करोग करणारी द्रव्यं निघू शकतात, म्हणून. पण बिननावाच्या पुडीत त्यातलं काही नाही, हे मी कशावरून ओळखू? माझे हात तर कोपरापर्यंत त्या पाण्यात असतात. घोंगडं पांघरणाऱ्याची काळजी सगळे करतात, रंगवणारीची कुणी करत नाही.

म्हणून मागणी एवढीच: सुटा रंग विकणाऱ्यानं पुडीवर रंगाचं नाव लिहावं, आणि तो लोकरीचा की सुताचा हे मराठी आणि कन्नड दोन्हींत छापावं. पाट्यांवरून आपल्याकडे काय काय होतं ते सगळे जाणतात. पुडीवर दोन्ही भाषा शेजारी शेजारी बसल्या तर कुणाचं काही बिघडत नाही. जिल्हा प्रशासनानं तपासणी करायची तर माघातल्या चिंचलीच्या मायाक्का यात्रेआधी करावी. किनारीचं काम यात्रेआधीच उरकतं, यात्रेत तपासून उपयोग नाही.

तोवर घोंगडं घेणाऱ्यांनी ओला पांढरा रुमाल लाल किनारीवर जरा जोरात चोळून पाहावा. रंग उतरला तर कोणती पुडी वापरली, ते विणणाऱ्याला विचारावं. आम्हाला विचारलं तर आम्ही सांगतो.

आपली,
एक घोंगडीवाली, ता. रायबाग, जि. बेळगाव
(नाव आपल्याकडे दिलं आहे, छापू नये.)