पुण्याच्या पोटात काय आहे, याचा एक तरी नकाशा असू द्या

माननीय पालकमंत्री, पुणे जिल्हा, यांस
सविनय नमस्कार.

मी सदाशिव पेठेत लहानाची मोठी झाले आणि ३१ वर्षं एका सरकारी कार्यालयात अनुरेखक म्हणून नोकरी केली. इंजिनिअर साहेबांनी पेन्सिलने काढलेला नकाशा ट्रेसिंगवर शाईने हुबेहूब उतरवायचा, हे अनुरेखकाचं काम. धरणाच्या भिंती, कालवे, बोगदे यांचे आडवे-उभे छेद मी हजारोंनी उतरवले. प्रत्येक छेदावर साखळी क्रमांक (म्हणजे सुरुवातीपासूनचं अंतर), तलांक (म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची) आणि खडकाचा प्रकार लिहायचा. एक आकडा चुकला तर साहेब पूर्ण कागद परत करायचे, आणि ते बरोबरच होतं. त्या आकड्यावर भरवसा ठेवून कुणीतरी खाली सुरुंग लावणार असायचा.

आता पुण्याच्या खाली पुन्हा मोठं खोदकाम होणार आहे. स्वारगेट ते कात्रज ही साडेपाच किलोमीटरची मेट्रो पूर्ण भुयारी आहे. तिचं भूमिपूजन २९ सप्टेंबर २०२४ रोजी झालं. खडकवासला ते फुरसुंगी हा सुमारे २८ किलोमीटरचा पाण्याचा बोगदा मंजूर झाला आहे. येरवडा ते कात्रज भुयारी रस्त्याचा प्रस्ताव आहे, पाषाणजवळच्या पंचवटीहून कोथरूडच्या सुतारदऱ्याकडे टेकडीखालून जाण्याची चर्चा आहे. एक काम मेट्रोवाल्यांचं, दुसरं जलसंपदाचं, तिसरं पीएमआरडीएचं (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचं), चौथं महापालिकेचं. मी यातल्या कशाच्याही विरोधात नाही. माझं मागणं एकच आहे: खोदण्याआधी, या शहराच्या पोटात आधीपासून काय आहे याचा एकच नकाशा, एकाच ठिकाणी, सगळ्यांना बघता येईल असा तयार व्हावा. आणि त्याची सुरुवात कात्रजच्या नळापासून व्हावी.

कात्रजचा नळ म्हणजे काय हे आपल्याला ठाऊक असेलच, तरीही सांगते, कारण नव्या पुणेकरांना तो माहीत नाही. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला आंबील ओढ्यावर तलाव बांधून घेतले. वरच्या तलावात गाळ बसायचा, खालच्या तलावातून निवळलेलं पाणी जमिनीखालच्या दगडी बांधीव नळात सोडलं जायचं. तो नळ सुमारे आठ किलोमीटर चालत थेट शनिवारवाड्यापर्यंत यायचा. पंप नाही, मोटार नाही, फक्त उतार. ठिकठिकाणी माणूस वाकून चालू शकेल एवढा तो मोठा आहे. मध्ये मध्ये उच्छ्वास ठेवलेले: नळातली कोंडलेली हवा बाहेर पडावी आणि साफसफाईला माणसाला आत उतरता यावं म्हणून. पेठांत पाणी हौदांत पडायचं. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद, सात तोट्यांचा तो साततोटी हौद. आज हौद गेले, चौकांना नावं उरली. कसबा पेठेचं मेट्रो स्टेशन फडके हौदाच्या परिसरातच आहे. पाण्याच्या भुयाराने जिथे पेठा वसवल्या, तिथेच आता माणसांचं भुयार आलं, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

माझी आजी वाड्याच्या हौदावर धुणं धुवायची. ती म्हणायची, कात्रजचं पाणी उन्हाळ्यातसुद्धा गार असायचं, कारण ते ऊन न बघता आलेलं असायचं. मी सात-आठ वर्षांची असताना वडील मला कात्रजच्या वाटेवर एका उच्छ्वासापाशी घेऊन गेले होते. दगडाला कान लावला तर खालून पाणी वाहताना ऐकू आलं. तो आवाज अजून कानात आहे.

आमच्या लहानपणी सगळ्यांनी भुयाराच्या गोष्टी ऐकल्या: शनिवारवाड्यातून पर्वतीला, पर्वतीवरून सिंहगडाला, घोड्यावर बसून पळून जाता येईल असं भुयार. २०१९ साली स्वारगेटला मेट्रोच्या खोदकामात जुना बोगदा सापडला तेव्हा शहरभर हीच चर्चा उसळली. जाणकारांनी पाहून सांगितलं की तो पाणी नेण्यासाठी होता. काहींची निराशा झाली. मला मात्र वाटलं, पळून जायच्या वाटेपेक्षा गावाला पाणी पाजणारी वाट सापडली हे किती मोठं आहे! पण त्या दिवशी एक प्रश्नही पडला, आणि तो आजही सुटलेला नाही. शहराच्या मधोमध एवढं मोठं बांधकाम आहे हे यंत्र त्यावर जाऊन आदळेपर्यंत कुणालाच कसं कळलं नाही?

याचं उत्तर मी थोडंफार जाणते. सुमारे वीस वर्षांपूर्वी सातारा रस्त्याच्या बाजूला एका इमारतीच्या पायाचं खोदकाम चाललं होतं. मी बसमधून उतरून चालले होते. खड्ड्याच्या भिंतीत चुन्यात बांधलेल्या दगडांची कमान अर्धी फुटलेली दिसली, आतून पाणी झिरपत होतं. मी तिथल्या मुकादमाला सांगितलं की हा कात्रजचा नळ असणार, थांबा. तो म्हणाला, ताई, आमच्या नकाशात असलं काही नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसला रजा टाकून गेले तर ती जागा राडारोड्याने बुजवलेली होती. त्या माणसाचा मला राग आला नाही. त्याच्या नकाशात खरंच काही नव्हतं. आजही त्याच्यासारख्या एखाद्या मुकादमाला विचारायचं असेल तर कोणाचं दार ठोठावायचं?

आणि कागदांचं काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं. मी नोकरी केली त्या कार्यालयाची जागा बदलली तेव्हा जुन्या नकाशांच्या गुंडाळ्या जिन्याखाली ठेवल्या गेल्या. दोन पावसाळे गेले. वाळवी लागली. मग एका टेम्पोत घालून ते सगळं रद्दीत गेलं. त्यात शाईने काढलेले, कापडावरच्या ट्रेसिंगचे छेद होते. आमच्याही आधीच्या पिढीच्या अनुरेखकांचे. मी दोन गुंडाळ्या घरी आणायची परवानगी मागितली, ती मिळाली नाही. नियम होता, मी मोडला नाही. आज वाटतं, मोडायला हवा होता.

आपल्या राज्याला जमिनीखालचं नेमकं काम जमत नाही असं कुणी म्हणू नये. कोयनेचं उदाहरण घ्या. १३ मार्च १९९९ रोजी तिथे लेक टॅपिंग झालं, आशियातलं पहिलं. भरलेल्या जलाशयाच्या तळाकडे खालून बोगदा खणत न्यायचा, शेवटी खडकाचा थोडासा बूच ठेवायचा, आणि तो एकाच सुरुंगात उडवून पाणी बोगद्यात घ्यायचं. धरण रिकामं करायचं नाही. २५ एप्रिल २०१२ रोजी आणखी खालच्या पातळीवरून पाणी घेता यावं म्हणून दुसऱ्यांदा तेच केलं. त्या बुचाची जाडी, तळाचा तलांक, खडकातल्या भेगा, यातलं काहीही चुकलं असतं तर काय झालं असतं याची कल्पना करवत नाही. जलाशयाच्या तळाखाली किती खडक उरला आहे हे ज्या राज्याच्या माणसांना ठाऊक होतं, त्याच राज्याला बाजीराव रस्त्याखाली काय आहे हे ठाऊक नसावं, हे मला पटत नाही.

देशात बोगद्यांनी काय काय केलं याची यादी मी देत बसत नाही. बुऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्याने चारशे वर्षं गावाला पाणी दिलं, मलिक अंबरच्या नहरीने औरंगाबादची तहान भागवली. अटल बोगद्यामुळे लाहौलच्या लोकांचा हिवाळ्यातला कोंडवाडा संपला. पण बोरघाटाबद्दल थोडं थांबून लिहावंसं वाटतं, कारण आपण सगळे मुंबईला जाताना त्यातून जातो आणि खिडकीबाहेर धबधबे बघतो. १८६३ साली घाटाची रेल्वे सुरू झाली तेव्हा तिच्यात पंचवीस बोगदे होते. कामाचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथे आल्यावर थोड्याच दिवसांत आजारी पडून वारला, आणि त्याची बायको ॲलिस हिने ते कंत्राट पुढे चालवलं. कामावर एका वेळी चाळीस हजारांवर मजूर होते. कॉलरा, ताप, कोसळणारे दगड यांनी किती गेले त्यांची नावं कुठेच नाहीत. २०२३ च्या नोव्हेंबरात उत्तराखंडच्या सिल्क्यारा बोगद्यात ४१ मजूर १७ दिवस अडकले, तेव्हा मला तेच आठवत होतं. शेवटी मोठी यंत्रं अडली आणि हाताने कुदळ-फावडं चालवणाऱ्या माणसांनी त्यांना बाहेर काढलं. त्यानंतर दोन वर्षंही झाली नव्हती तर तेलंगणात श्रीशैलमच्या बोगद्यात आठ जण गेले. खाली काय आहे हे न कळण्याची किंमत आधी तिथे उतरलेला माणूस मोजतो.

पुण्याचा खडक त्या मानाने चांगला, असं म्हणतात. आपला काळा पाषाण भक्कम आहे खरा. पण विहिरी खणणाऱ्या कुणालाही विचारा: मुरूम लागतो, मग मांजऱ्या नावाचा मऊ खडक, मग पाषाण, आणि मध्येच गेरूचा लाल पट्टा. तो पट्टा भिजला की मऊ होतो, आणि त्याच्यावरून पाणी धावतं. टेकड्यांचे झरे असेच फुटतात. आमच्या छेदांवर तो पट्टा लाल शाईने वेगळा दाखवायचा असायचा, आणि भूगर्भवाले साहेब त्याच्यासाठी दहा वेळा विचारायचे. मेट्रोच्या कामासाठी ठिकठिकाणी बोअर घेतलेले असतातच. त्या बोअरचे नमुने आणि नोंदी काम झाल्यावर जातात कुठे? त्या लोकांच्या पैशाने झाल्या आहेत. त्या उद्याच्या रस्त्यासाठी, परवाच्या पाइपलाइनसाठी उपयोगी पडतील.

खडकवासला-फुरसुंगी बोगद्याबद्दल एक वेगळी काळजी आहे. २७ सप्टेंबर २०१८ रोजी मुठा उजवा कालवा जनता वसाहतीजवळ फुटला आणि दांडेकर पुलाच्या वस्तीतल्या घरांत पाणी शिरलं, ते मी पाहिलं आहे. माझ्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंचा संसार त्या दिवशी चिखलात गेला. त्यामुळे उघडा कालवा जमिनीखाली जावा असंच मला वाटतं. बाष्पीभवन थांबेल, गळती आणि चोरी थांबेल, वाचलेलं पाणी दौंड-इंदापूरच्या शेतीला मिळेल. पण कालव्याच्या काठाने हडपसरपर्यंत ज्या विहिरी आहेत, त्यांना इतकी वर्षं ती गळतीच पाणी देत आली. ते पाणी बोगद्याच्या अस्तराआड बंद झाल्यावर त्या विहिरींचं काय होणार, हे आधी मोजून ठेवलं पाहिजे. बोगद्याच्या बाजूच्या विहिरींची आजची पाणीपातळी कुणी लिहून ठेवली नाही, तर पाच वर्षांनी भांडण होईल आणि दोन्ही बाजूंकडे पुरावा नसेल. कालव्याची मोकळी होणारी जागा कुणाची, हा प्रश्नही आत्ताच कागदावर सोडवून ठेवावा.

म्हणून विनंती अशी. जिल्ह्याचे पालकमंत्री म्हणून या सगळ्या खात्यांना एका टेबलाशी बसवण्याचा अधिकार आपल्याकडे आहे. तो मेट्रोच्या, महापालिकेच्या किंवा जलसंपदाच्या एकट्या अधिकाऱ्याकडे नाही. कात्रज मेट्रोचं यंत्र जमिनीखाली उतरण्याआधी कात्रजच्या नळाचं संपूर्ण सर्वेक्षण करून घ्या: तलावापासून शनिवारवाड्यापर्यंत, प्रत्येक उच्छ्वासाचा तलांक आणि जागा नोंदवून, जिथे नळ तुटला आहे तिथे तुटल्याची नोंद करून. पुरातत्त्वाचे जाणकार आणि भूजलाचा अभ्यास करणारी माणसं पुण्यात भरपूर आहेत, त्यांना बरोबर घ्या. मग त्याच नकाशावर मेट्रो, पाण्याचे बोगदे, भुयारी रस्ते, मोठ्या ड्रेनेजच्या लाइनी, सगळं उतरवा. स्टेशनची तोंडं आंबील ओढ्याच्या पुराच्या पातळीपेक्षा किती वर आहेत तेही त्यात लिहा. २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र कात्रज ते दांडेकर पूल या पट्ट्यातला कुणीही विसरलेला नाही. आणि तो नकाशा एका ठिकाणी ठेवा, जिथे त्या मुकादमालासुद्धा खोदायच्या आधी जाऊन विचारता येईल, आणि ज्याचं उत्तर लेखी मिळेल.

माझ्याकडे एक पेटी आहे. निवृत्तीनंतरच्या दहा वर्षांत मी सकाळी फिरायला जाताना कात्रजच्या नळाचे जेवढे उच्छ्वास मला सापडले, तेवढे ट्रेसिंगवर मांडून ठेवले आहेत. काही सोसायट्यांच्या कंपाउंडमध्ये गेले आहेत, काहींवर टपऱ्या आहेत, एकाला लोक समाधी समजून हार घालतात. त्या जागांचा तलांक माझ्याकडे नाही, ते मोजायचं साधन नाही. फक्त जागा आहेत, आणि वडिलांनी दाखवलेल्या काही ठिकाणी आता काहीच उरलेलं नाही याच्या खुणा आहेत. तो कागद मी आपल्या कार्यालयात आणून द्यायला तयार आहे. सर्व्हेअरची तुकडी कात्रजहून निघेल तेव्हा मला कळवावं. माझे गुडघे अजून चांगले आहेत, सातारा रस्त्याने पर्वतीपर्यंत मी बरोबर चालत येईन आणि प्रत्येक जागा दाखवीन.

आपली नम्र,
सदाशिव पेठेतील एक निवृत्त अनुरेखक