डोनाउएशिंगेनला येणाऱ्यांनी आधी हे वाचा

मंडळी, परत एकदा सांगतेय, ऑक्टोबरमधल्या म्युझिकटागेला (जर्मनीतल्या डोनाउएशिंगेनचा नव्या, समकालीन संगीताचा फेस्टिव्हल) यायचं असेल तर राहायची सोय आत्ताच बघा, गाव एवढंसं, ब्लॅक फॉरेस्टच्या कडेला, हॉटेलं मोजकी आणि त्या वीकेंडला जगभरचे कंपोझर, वादक, रेडिओवाले सगळे तिथेच येऊन धडकतात. नाहीच मिळालं तर फिलिंगेनला राहा, ट्रेनने जवळच आहे. डॉइचलांड-टिकेट (जर्मनीभरच्या लोकल-रीजनल गाड्यांचा महिन्याचा पास) असेल तर फ्रायबुर्गहून रीजनल गाडी पकडा, वेगळे पैसे नाहीत.

नवीन मेंबर्ससाठी: हा फेस्टिव्हल १९२१ पासूनचा, आणि इथे बहुतेक रचना पहिल्यांदाच वाजतात, त्यामुळे आधी यूट्यूबवर ऐकून येऊ वगैरे विसरा. कंपोझर लिगेतीचं 'आत्मोस्फेअर' १९६१ मध्ये पहिल्यांदा वाजलं ते इथेच, सुरुवातीलाच अर्ध्याहून जास्त ऑर्केस्ट्रा वेगवेगळे स्वर एकदम हलक्या आवाजात धरून ठेवतो, चाल नाही, ठेका नाही, नुसता एक भलामोठा स्वरांचा ढग सरकत राहतो. हेडफोन लावून एकदा ऐकाच, नाही आवडलं तर फेस्टिव्हलचा खर्च वाचला!

काही कॉन्सर्ट चक्क स्पोर्ट्स हॉलमध्ये असतात. बाहेर थंडी असते, जॅकेट घ्या.

ज्यांना जमत नाहीये त्यांच्यासाठी एसडब्ल्यूआर कुल्टुअर हा जर्मन रेडिओ आहेच, बरेच कॉन्सर्ट त्यावर लागतात.

नोव्हेंबरच्या हडर्सफील्डचं (इंग्लंडमधला असाच नव्या संगीताचा फेस्टिव्हल) नंतर बोलू, पण इंडियन पासपोर्टवाल्यांनो, तिकडे शेंगेन चालत नाही, यूकेचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. कोण कोण येतंय ते इथेच कळवा, पर्सनलवर नको.