घरमालकांना लिहायच्या पत्राबाबत

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

घरमालकांसाठी तू लिहिलेला मजकूर वाचला. तुझा राग रास्त आहे; परंतु पहिला सबंध परिच्छेद त्यांच्या स्वभावावर खर्ची पडला असून भिंतीची ओल शेवटून दुसऱ्या वाक्यात आली आहे. स्वभावाबद्दल वाद घालता येतो, ओलीबद्दल घालता येत नाही, म्हणून तीच आधी येऊ दे. "न्हाणीघरालगतच्या भिंतीवर जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत ओल आली असून रंगाचे पोपडे सुटले आहेत, ती अमुक तारखेला प्रथम दिसली व तेव्हापासून स्विचबोर्डाच्या दिशेने वाढत आहे" इतके नेमके लिही. "घर राहण्यालायक नाही" एवढ्यावरून प्लंबरला काहीच कळत नाही.

तुम्ही खिडक्या बंद ठेवता म्हणून ओल येते, हे उत्तर बहुधा येईलच. त्यासाठी एक तपासणी आधीच करून ठेव. भिंतीचा तो भाग पुसून कोरडा कर, त्यावर अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसव आणि एक-दोन दिवसांनी पाहा. भिंतीकडच्या बाजूला पाणी आढळले तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला आढळले तर हवेतला दमटपणा गार पृष्ठभागावर साचतो आहे, आणि मग खिडक्यांचा त्यांचा मुद्दा आपल्याला निमूट मान्य करावा लागेल. दोन्ही बाजूंची छायाचित्रे घे.

आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा सुरक्षा-स्विच) वारंवार पडतो, ही विजेची तक्रार मात्र वेगळ्या परिच्छेदात, "तातडीचे" असे म्हणून लिही. तो लोड वाढल्याने पडत नाही. गेलेला आणि परतलेला प्रवाह यांत तफावत आली, म्हणजे वीज कुठेतरी गळली, की तो पडतो, आणि घरगुती वापरात ही मर्यादा बहुधा 30 मिलिअँपिअर असते. सगळ्या उपकरणांचे प्लग काढूनही तो पडत असेल तर दोष वायरिंगमध्ये, कायम जोडलेल्या उपकरणांत किंवा खुद्द आरसीसीबीत शोधायला हवा, हे वाक्य पत्रात अवश्य घाल. पडल्याच्या तारखाही दे.

शेवटी मागणी स्पष्ट असावी: पाहणीला कोण व कधी येणार, हे त्यांनी अमुक तारखेपर्यंत लेखी कळवावे. फोनवर बोलणे झाले तर त्याच दिवशी "आज असे ठरले" असा संदेश पाठव. भाडे थांबवण्याचा विचार सोडून दे. तसे केलेस की ओल बाजूला राहते आणि चर्चा थकबाकीवर जाते. स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करता येतो की नाही, हे करारनाम्यावर आणि तिथल्या कायद्यावर अवलंबून असते, तेव्हा रकमेला त्यांची लेखी संमती मिळेपर्यंत कारागिराला बोलावू नकोस.

सुधारलेला मजकूर पाठवण्यापूर्वी मला दाखव, आणि इलेक्ट्रिशियन तपासून जाईपर्यंत ओलीजवळच्या त्या स्विचबोर्डाचा एमसीबी (त्याचा वीजपुरवठा तोडणारा छोटा स्विच) बंदच ठेव.

तुझे,
बाबा