पाठ सरळ करून देते असं न म्हणणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार. नाव छापलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून घालत नाही. तांदळाच्या पुरचुंड्यांचा विषय निघाला की तुम्ही ओळखालच.

तुमच्याकडे फिजिओथेरपीला येण्याआधी माझ्या वाकड्या पाठीला सल्ल्यांची वाण नव्हती. जिममधला ट्रेनर म्हणायचा, बारला लोंबकळा, आपोआप सरळ होईल. मावशीला तेल लावून मणका ‘बसवणारा’ कुणीतरी ठाऊक होता. एका डॉक्टरांनी वाकू नका, उचलू नका, पळू नका एवढं सांगून वाटेला लावलं. घरात म्हातारी सासू आणि नळाला दिवसाआड पाणी असलेल्या बाईने हे पाळायचं कसं, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

तुम्ही एक्स-रे खिडकीशी धरलात आणि आधी आकड्याची भीती घालवलीत. कण्याचा बाजूला गेलेला बाक दहा अंशांच्या वर गेला की त्याला स्कोलिओसिस म्हणतात, माझा वरचा बाक अडतीसचा. मागच्या वेळी पस्तीस होता म्हणून मी हबकले होते. मोजतानाच पाचेक अंश इकडेतिकडे होतात, हे मला त्याआधी कुणी सांगितलंच नव्हतं. मग स्पष्ट बोललात: “या वयात व्यायामाने हाड सरळ होईल असं मी म्हणणार नाही. ताकद वाढेल, दुखणं कमी होईल, दम पुरेल.” इतका रोखठोक सौदा माझ्याशी कुणी केला नव्हता.

आणि त्या पुरचुंड्या! मला उताणं झोपवून एक उजव्या बरगड्यांच्या फुगीर भागाखाली सरकवलीत, दुसरी कमरेला डावीकडे. मग डाव्या पाठीच्या खोलगट भागाखाली स्वतःचा तळहात घातलात आणि म्हणालात, “श्वास इथे घ्या. माझा हात ढकला.” आधी नुसतं पोटच वर यायचं. पुढे कधीतरी ती बरगडी तुमच्या हातावर टेकली. शरीराच्या त्या कोपऱ्यात हवा जाते हेच मला माहीत नव्हतं. ही पद्धत जर्मनीच्या काथारिना श्रोथ यांची, हेही तुमच्याकडूनच कळलं. त्यांची स्वतःचीच पाठ वाकडी. चेपलेला चेंडू हवेने फुगून पूर्ववत होतो, तसा खोलगट बाजूत श्वास भरायचा हे त्यांना सुचलं आणि 1921 मध्ये त्यांनी माइसनला उपचार केंद्र काढलं.

योगवर्गातली माझी भांडणंही तुम्हीच मिटवलीत. तिथे सगळं ‘उजवीकडे जितकं, डावीकडे तितकंच’. तुम्ही म्हणालात, दोन्ही बाजू सारख्या नाहीत, तर व्यायाम सारखा कशाला? त्रिकोणासन भिंतीला पाठ लावून, हात जमिनीऐवजी खुर्चीवर, आणि वाकण्याआधी कणा लांब करायचा. शीर्षासन आणि जोर लावून केलेले पीळ माझ्यासाठी बंद. (पुण्यात योगगुरू अय्यंगारांनी दोर, पट्टे, लाकडी ठोकळे रुळवले, त्यांचा खरा उपयोग मला तुमच्या खोलीत कळला.) वजनं मात्र तुम्ही काढून घेतली नाहीत. खांद्यावरचा बार खाली ठेवायला लावलात आणि हलकी वजनं छातीशी धरून उठबशा शिकवल्यात, आरशासमोर, श्वास न कोंडता. पोहण्याने बाक जातो हा माझा समज खोडलात, वर “पण पोहा की, आवडतंय ना!” हेही म्हणालात. उसेन बोल्टला स्कोलिओसिस आहे हे ऐकून मी खोटं वाटून घरी जाऊन शोधलं. खरं निघालं.

कुठे थांबायचं, तेही तुम्ही कागदावर लिहून दिलंत. स्नायू भरून येणं चालेल. पण पायात मुंग्या, बधिरपणा, पाय लुळा पडणं, लघवीवरचा ताबा जाणं यातलं काहीही झालं, तर व्यायाम बंद आणि थेट डॉक्टर. तो कागद फ्रिजवर आहे. सासूबाईंना तो किराण्याच्या यादीपेक्षा पाठ आहे.

शेवटचे आभार भाचीसाठी. हे घराण्यात असू शकतं म्हणून तुम्ही तिला आणायला सांगितलंत. हात जोडून पुढे वाकवलंत आणि मागून पाहिलंत. एका बाजूच्या बरगड्या वर आलेल्या मलाही दिसल्या. ती बारा वर्षांची, उंची भराभर वाढण्याचं वय, म्हणून ‘बघू पुढे’ न म्हणता तुम्ही त्याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलंत. तिला ब्रेस, म्हणजे धडाला बांधायचा कडक आधार, लागला. वाढत्या वयात त्याने बाक वाढण्याची शक्यता कमी होते, हे तिच्या आईला पटवायला तुम्ही तुमची जेवणाची सुट्टी घालवलीत.

पोरगी रडली ती ब्रेससाठी नाही, खो-खोसाठी. तुम्ही डॉक्टरांना फोन लावून विचारलंत. खेळापुरता ब्रेस काढायचा, खेळ संपला की लगेच चढवायचा, असं ठरलं. शाळेच्या संघात ती अजून आहे आणि पुढच्या तपासणीला तुम्हाला जर्सी दाखवायला आणणार आहे.

आपली,
अडतीस अंशवाली